नवा बोअर-पिस्टन टाकूनही चेनसॉ पुन्हा सीज होतो तेव्हा काय तपासायचं

तक्रार नेहमीचीच. बागतोडीच्या ठेकेदाराकडून किंवा भंगारातून बंद पडलेली मशीन घेतली, बाजारात मिळणारं कॉपी बोअर-पिस्टन किट टाकलं, दोन-तीन झटक्यांत मशीन सुरू झाली, लाकूडही चांगलं कापलं, म्हणून विकून टाकली. आठ-पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक तीच मशीन घेऊन दारात. दोरी ओढली तर कॉम्प्रेशन नाही, नाहीतर दोरी हलतच नाही. सायलेन्सर काढून आत बघितलं तर पिस्टनवर उभ्या रेघा. मग दुकानदार किटला नावं ठेवतो, किट विकणारा म्हणतो ऑइल कमी पडलं, आणि गिऱ्हाईकाचा हंगाम वाया जातो तो वेगळाच.

कॉपी किट खराब निघतं, हे खरं आहे. पण दुसऱ्यांदा सीज झालेल्या, म्हणजे पिस्टन बोअरला घासून जाम झालेल्या, मशीनमध्ये बहुतेक वेळा पहिला पिस्टन ज्या कारणाने गेला, तेच कारण तसंच राहून गेलेलं असतं. नवं किट त्या जुन्या दोषावर बसवलं जातं आणि तेही जातं. म्हणून किट उघडण्याआधी जुन्या पिस्टनचं कारण सापडलंच पाहिजे. कारण सापडलं नसेल तर मशीन विकायची नाही, इतका कडक नियम ठेवला तरच हा धंदा टिकतो.

इथे डोळ्यासमोर धरल्या आहेत त्या आपल्याकडे सगळ्यात जास्त येणाऱ्या मशिनी: ५८ सीसीच्या चिनी बनावटीच्या, स्टिलच्या एमएस १८० आणि एमएस २५०, आणि क्वचित एमएस ३८१. यांचं कामही हलकं नसतं. जालना, अंबड, पैठण भागातल्या वाळलेल्या मोसंबीच्या बागा, बांधावरची बाभूळ, कोळशासाठी तोडली जाणारी वेडी बाभूळ. त्यात एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वरचं ऊन आणि काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ. थंड डोंगरात वर्षभर दडून राहणारा दोष आपल्याकडे दोन टाक्यांत वर येतो.

जुना पिस्टन फेकू नका, आधी वाचा

पिस्टन बाहेर काढला की रेघा कोणत्या बाजूला आहेत ते बघा. सायलेन्सरच्या बाजूला उभ्या, चकचकीत, ॲल्युमिनियम पुसल्यासारख्या रेघा असतील आणि कार्बोरेटरची बाजू स्वच्छ असेल तर मिश्रण लीन होतं. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. एक्झॉस्टची बाजू सगळ्यात गरम असते, पेट्रोलसोबत येणारं ऑइलही कमी पडलं की तिथूनच पिस्टन पकडायला सुरुवात होते.

चारही बाजूंनी पिस्टन खरवडलेला असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल नव्हतंच, असं समजा. कुणीतरी मोटारसायकलचं साधं पेट्रोल टाकीत ओतलेलं असतं. कार्बोरेटरच्या बाजूला मळकट, मॅट झालेला, बारीक उभ्या ओरखड्यांचा पट्टा असेल तर धूळ आत गेली आहे. तिथे ऑइलचा काही संबंध नाही, एअर फिल्टर बघायचा. चार कोपऱ्यांवर चार उभे पट्टे असतील तर मशीन थंड असतानाच एकदम फुल रेस दिली गेली, किंवा पिस्टन आणि बोअरमधली फट मुळातच कमी होती. हे दुसरं कारण कॉपी किटमध्ये बरंच दिसतं.

यातलं पहिलं कारण सगळ्यात जास्त सापडतं आणि सगळ्यात जास्त फसवतं, कारण मिश्रण लीन होण्याच्या वाटा चार-पाच आहेत. कार्बोरेटरचा स्क्रू ही त्यातली फक्त एक.

हवेची गळती: इथेच सगळा वेळ घालवायचा

टू-स्ट्रोक इंजिनची क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हा एक पंपच आहे. तिच्यात कुठूनही फुकटची हवा शिरली की ती कार्बोरेटरमधून येत नाही, म्हणून तिच्यासोबत ना पेट्रोल येतं ना ऑइल. ऑइल सील कडक झालेलं, इनटेकचं रबर चिरलेलं, बुडाचं पॅकिंग दबलेलं, यातलं एक जरी असलं तरी कार्बोरेटरचा एच स्क्रू (फुल रेसच्या पेट्रोलचा) कितीही उघडा, मिश्रण स्थिर राहणार नाही. बाहेरून ओळखायच्या खुणा अशा: आयडलला आवाज वर-खाली होतो, रेस सोडल्यावर मशीन लगेच खाली येत नाही, एका कुशीवर कलती केली की आवाज बदलतो, एल स्क्रू (आयडलच्या पेट्रोलचा) गरजेपेक्षा खूप उघडावा लागतो.

खुणांवर थांबू नका, प्रेशर टेस्ट करा. त्यासाठी महागडा संच लागतोच असं नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या घड्याळवाल्या बीपी मशीनचा रबरी फुगा आणि डायल काढून घ्या. डायल ३०० मिमी पाऱ्यापर्यंत असते, म्हणजे सुमारे ०.४ बार. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.५ बार सांगतात, पण मोठी गळती पकडायला २८० मिमी पुरतं. व्हॅक्यूमसाठी मात्र ब्रेक ब्लीड करणारे वापरतात तो गेजवाला हातपंप घ्यावाच लागतो. हे काम नेहमीचं असेल तर ती रक्कम एका परत आलेल्या किटमध्ये वसूल होते.

१. सायलेन्सर काढा. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा जाड तुकडा एक्झॉस्टवर ठेवा आणि त्यावर पत्र्याची पट्टी धरून सायलेन्सरच्याच बोल्टने आवळा.

२. कार्बोरेटर काढा आणि इनटेकचं तोंड तसंच रबर-पट्टीने बंद करा. इनटेकचा रबरी बूट किंवा प्लास्टिकचा ब्लॉक जागेवरच राहू द्या, कारण तोही तपासायचा आहे. इम्पल्सची नळी (क्रँककेसमधला दाबाचा ठोका कार्बोरेटरच्या पंपापर्यंत नेणारी) बाहेर निघत असेल तर तीही बंद करा.

३. एका जुन्या प्लगचं चिनी मातीचं अंग फोडून काढा, आत पितळी नळी ब्रेझिंग करून बसवा. हा प्लग सिलिंडरमध्ये घट्ट लावा आणि नळीला पंप जोडा. पिस्टन खाली ठेवा, म्हणजे ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडर आणि क्रँककेस जोडणाऱ्या वाटेतून) दाब क्रँककेसमध्ये उतरतो.

४. दाब भरा आणि २० सेकंद काटा बघा. काटा हलायला नको. मग मॅग्नेट (शाफ्टवरचं पंख्याचं चाक) हाताने हळूहळू फिरवा, कारण काही सील शाफ्टच्या एका ठरावीक जागेवरच गळतात.

५. आता व्हॅक्यूम ०.५ बार ओढा. २० सेकंदांत काटा ०.३ बारच्या खाली उतरला नाही तर सील ठीक.

व्हॅक्यूमची टेस्ट बरेच जण सोडून देतात आणि नेमकं तिथेच चुकतं. सीलची ओठासारखी कड आतल्या बाजूला असते. आतून दाब दिला की ती शाफ्टवर आणखी घट्ट बसते, त्यामुळे थकलेलं सीलही प्रेशरला पास होतं. व्हॅक्यूममध्ये तीच कड शाफ्टपासून सुटते. चालत्या मशीनमध्ये दोन्ही गोष्टी मिनिटाला हजारो वेळा होतात.

गळती असेल तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: मॅग्नेटमागचं सील, क्लचमागचं सील, सिलिंडरचं बूड, इनटेकचा जोड, प्लग, आणि मोठ्या मशीनवर डीकॉम्प्रेशनचं (सुरू करताना दाब कमी करणारं) बटण. क्लच काढताना लक्षात ठेवा की त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की तो सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. चालू मशीनवर पेट्रोल शिंपडून गळती शोधायची सवय काहींना असते. गरम सायलेन्सरशेजारी ते करायचं नाही.

५८ सीसीच्या मशीनमध्ये गळतीची आवडती जागा म्हणजे कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला प्लास्टिकचा ब्लॉक. उष्णतेने तो वाकडा होतो. काच घ्या, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि ब्लॉकची बाजू त्यावर घासा. चारी कडा एकसारख्या पांढऱ्या होईपर्यंत घासायचं, नाहीतर नवा ब्लॉक घ्यायचा. पॅकिंग बसवताना त्यातलं इम्पल्सचं छोटं भोक जागेवर आहे ना, हे दोनदा बघा. पॅकिंग उलटं बसलं आणि ते भोक झाकलं गेलं तर कार्बोरेटरच्या पंपाला ठोकाच मिळत नाही. मशीन आयडलला चालते, रेस दिली की दम टाकते, आणि माणूस स्क्रू फिरवत बसतो.

एमएस १८० आणि एमएस २५० ची रचना वेगळी. त्यांची क्रँककेस आडवी कापलेली असते: वर सिलिंडर, खाली पॅन, मध्ये क्रँकशाफ्ट बेअरिंग आणि सीलसकट दाबलेला. तिथे कागदी पॅकिंग नसतं, सीलंट असतं. नवं किट बसवताना जुना सीलंट नखाला लागणार नाही इतका साफ करा, थिनरने पुसा आणि पेट्रोलला टिकणाऱ्या सीलंटची अगदी बारीक रेघ ओढा. जाड थर दिला तर तो आत पिळून सुटतो आणि बेअरिंगमध्ये जातो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा सिलिकॉन पेट्रोलने फुगतो, तो इथे चालत नाही. चारही बोल्ट तिरपे-तिरपे आवळून झाले की शाफ्ट बोटाने मोकळा फिरला पाहिजे.

सील नवं बसवताना शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली रिंग बघा. नखाला खड्डा लागत असेल तर नव्या सीलची कड थोडी पुढे-मागे बसेल असं बघा. नुसता गंज असेल तर ६०० च्या पेपरने शाफ्ट गोल-गोल पुसा, लांबीच्या दिशेने नाही. बसवण्याआधी कडेला टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लावा आणि सीलच्याच मापाचा बॉक्स पान्हा ठेवून हलक्या हाताने ठोका.

जुना कंपनीचा सिलिंडर वाचतो का, ते आधी बघा

कॉपी किट घेण्याआधी हा प्रयत्न करायलाच हवा. बहुतेक चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आत कडक प्लेटिंग असतं. सीज झाला की पिस्टनचं मऊ ॲल्युमिनियम त्या प्लेटिंगवर चिकटतं. बघणाऱ्याला वाटतं बोअर खरवडला, पण अनेकदा प्लेटिंग खाली शाबूत असतं. असा सिलिंडर साफ करून त्यात चांगल्या प्रतीचा नवा पिस्टन आणि रिंग टाकली, तर ते काम पूर्ण कॉपी किटपेक्षा जास्त टिकतं आणि स्वस्तही पडतं.

हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब कापसाच्या काडीने फक्त चिकटलेल्या जागेवर लावा. जिथे ॲल्युमिनियम आहे तिथे फेस येतो. एक-दोन मिनिटांनी पुसा, पुन्हा लावा. फेस यायचा थांबला की चिकटलेलं ॲल्युमिनियम गेलं. पोर्टच्या कडांना ॲसिड लागू देऊ नका, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं आणि ते खाल्लं जातं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, ४०० च्या पेपरने तिरप्या आडव्या-उभ्या हाताने हलकेच घासा आणि लगेच ऑइल लावा. हे काम उघड्यावर, हातमोजे घालून करायचं. बंद खोलीत केलं तर छातीला त्रास आणि शेजारच्या पान्ह्यांना गंज, दोन्ही होतं.

एखाद्या जागी फेस थांबतच नसेल, किंवा तिथला रंग वेगळा पांढुरका दिसत असेल, तर प्लेटिंग गेलं आहे. तो सिलिंडर गेला. असा सिलिंडर लेथवर बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मोटारसायकलच्या बिडाच्या बोअरला ते चालतं, इथे उघड्या ॲल्युमिनियमवर पिस्टन दोन टाक्याही चालणार नाही.

कॉपी किट हातात आल्यावर

डब्यावरचा नंबर खरा धरू नका, व्हर्नियर लावा. एमएस १७० चा बोअर ३७ मिमी, एमएस १८० चा ३८, एमएस २५० चा ४२.५, एमएस ३८१ चा ५२ मिमी. चिनी ५२ सीसीला साधारण ४५ आणि ५८ सीसीला ४५.२ मिमीचे पिस्टन येतात. दोन्ही डबे सारखे दिसतात आणि दुकानात अदलाबदल होते. पिस्टन पिनचा व्यासही जुन्या पिनशी ताडून घ्या.

मग पोर्टच्या कडा बोटाने चाचपा. कंपनीच्या सिलिंडरमध्ये त्या गुळगुळीत उतरत्या असतात, कॉपीमध्ये पुष्कळदा पात्यासारख्या धारदार. रिंग त्या कडेला अडकते, टवका उडतो आणि बोअर जातो. बारीक ऑइल स्टोनने कडेवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उतार द्या. फक्त कड, आतलं प्लेटिंग नाही. त्यानंतर सिलिंडर डिटर्जंट आणि कोमट पाण्याने धुवा. कॉपी सिलिंडरमध्ये कारखान्यातला कीस आणि घासायची पूड राहिलेली असते. पांढऱ्या कापडाने आतून पुसल्यावर कापड पांढरंच राहिलं पाहिजे.

रिंग एकटी बोअरमध्ये घालून पिस्टनने सेंटिमीटरभर खाली सरकवा, म्हणजे ती सरळ बसते. टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. या मापांच्या बोअरला ०.२ ते ०.३ मिमी चांगली. ०.१५ पेक्षा कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअरला खरवडते. बारीक कानशीने टोक घासून फट वाढवता येते. फार मोठी असेल तर दुसरी रिंग घ्या.

पिनच्या क्लिप किटसोबत येतात त्या वापरू नका. हे ठाम सांगावं लागतं. मऊ तारेची क्लिप एकदा दाबली की तिची स्प्रिंग जाते, मशीन चालताना ती सुटते आणि पोर्टमध्ये अडकून नवा बोअर उभा फाडते. कंपनीची क्लिप दोन-चार पैसे जास्त देऊन घ्या. बसवताना तिचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नाही, आणि बसल्यावर खाचेत फिरते का ते बघा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

बुडाचं पॅकिंग टाकून सिलिंडर आवळला की पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचं डोकं यांच्यातली फट मोजा. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून बोअरच्या भिंतीपर्यंत घाला, मॅग्नेट एकदा फिरवा, दबलेली तार मोजा. ०.५ मिमीपेक्षा कमी असेल तर पिस्टन डोक्याला लागण्याची भीती असते, पॅकिंग जाड घ्यावं लागतं.

एवढं झाल्यावर प्रेशर आणि व्हॅक्यूम टेस्ट पुन्हा एकदा. नव्या पॅकिंगवर विश्वास ठेवून ही पायरी गाळायची नाही.

पेट्रोल कमी पडण्याच्या बाकीच्या वाटा

गळती नाही, तरी मिश्रण लीन होतंय, तर टाकीपासून सुरू करा. मशीन पाच-दहा मिनिटं छान चालते, मग दम टाकते, टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज होऊन पुन्हा चालते: टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारं भोक) तुंबला आहे. आत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल येणं कमी होतं. अशी मशीन दुकानात दोन मिनिटं चालवून कळत नाही, म्हणून विक्रीआधी पूर्ण टाकी चालवायची.

टाकीतली नळी बाहेर काढून वाकवा. चिरा दिसल्या, टोक चिकट झालं किंवा नळी कडक झाली असेल तर बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. स्वस्त कॉपी नळ्या या पेट्रोलमध्ये फुगून आतून बंद होतात. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या सेटिंगवर तेच मिश्रण थोडं लीन पडतं. एच स्क्रू आधीपेक्षा किंचित जास्त उघडावा लागतो.

कार्बोरेटर शक्यतो जुना कंपनीचाच ठेवा आणि त्यात नवा डायफ्रॅम-पॅकिंग संच टाका. जुना डायफ्रॅम कागदासारखा कडकड वाजत असेल तर तो गेला. नीडलच्या लिव्हरची उंची खोलण्याआधी बघून ठेवा. तो खाली राहिला तर पेट्रोल कमी, वर राहिला तर ओव्हर. मीटरिंगच्या (नीडल-लिव्हरच्या) बाजूला आधी पॅकिंग, मग डायफ्रॅम हा क्रम उलटला की मशीन कधीच धड लागत नाही. खोलताना मोबाईलवर फोटो काढून ठेवणं चांगलं.

सेटिंग करताना दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करून एक ते सव्वा फेरा उघडा, बार आणि चेन लावा, मशीन चार-पाच मिनिटं गरम करा. एल स्क्रूने रेस बिनअडथळा उचलेपर्यंत आणा, आयडल २,८०० ते ३,००० फेऱ्यांवर ठेवा आणि त्या वेळी चेन थांबलेली हवी. मग दोन-तीन सेकंदांची फुल रेस. हवेत असताना आवाज थोडा फडफडता, जड यायला हवा आणि लाकडात शिरल्यावर तो साफ व्हायला हवा. हवेतच शिट्टीसारखा स्वच्छ, उंच आवाज येत असेल तर मशीन लीन आहे, गिऱ्हाईकाला तो आवाज कितीही आवडो. एच स्क्रू उघडा. काही एमएस १८० मध्ये एच स्क्रू नसतोच, जेट ठरलेला असतो. तिथे मिश्रण लीन वाटलं तर दोष कार्बोरेटरच्या बाहेर शोधायचा.

मे महिन्यातल्या दुपारी लावलेली मशीन डिसेंबरच्या पहाटे लीन पडते. थंड हवा घट्ट असते, तेवढ्याच पेट्रोलला जास्त हवा मिळते. परभणीकडे हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, तेव्हा उन्हाळ्यात विकलेल्या मशीनला आठवा हिस्सा फेरा जास्त उघडून द्या.

धूळ, बुरसा आणि बोथट चेन

कॉपी एअर फिल्टर बसतो, पण घट्ट बसत नाही. फिल्टर लावण्याआधी कार्बोरेटरच्या तोंडात आतल्या बाजूला बोटाने ग्रीसचा पातळ थर लावा, एक टाकी चालवा आणि फिल्टर काढून बघा. ग्रीसवर काळी धूळ चिकटली असेल तर हवा फिल्टरच्या कडेने जाते आहे. कडेला ग्रीस लावून काही दिवस निभावतं, पण कायमचा उपाय म्हणजे बरोबर बसणारा फिल्टर. नायलॉन जाळीपेक्षा लवदार फिल्टर बारीक धूळ जास्त अडवतो.

सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये चेन ऑइल आणि लाकडाचा बुरसा मिळून खळ होते. कव्हर काढून ती खरवडा. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये मॅग्नेटच्या पंख्याच्या पाती तुटलेल्या असतील तर तो मॅग्नेट बदला, हवा कमी मिळते. सायलेन्सरची जाळी कार्बनने भरली असेल तर गॅसवर लाल करून झटका.

वाळलेल्या बाभळीत बोथट चेन घेऊन माणूस मशीनवर जोर देतो आणि इंजिन तापतं. ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस, एमएस १८० च्या बारीक ३/८ चेनला ४ मिमीची. कापणाऱ्या दातापुढचा बुटका दात (डेप्थ गेज) त्याच्यापेक्षा ०.६५ मिमी खाली. स्वस्त चेन लवकर बोथट होते, म्हणून विकताना कानस सोबत द्या.

कुठे कॉपी चालते, कुठे नाही

हँडल, कव्हर, दोरीची पुली, स्प्रॉकेट, बार, सायलेन्सर: कॉपी चालते. ऑइल सील, क्रँकचं बेअरिंग, पिनची क्लिप, पेट्रोलची नळी, डायफ्रॅम आणि कॉइल: कंपनीचं किंवा नावाजलेल्या उत्पादकाचंच. कॉपी कॉइल गरम झाल्यावर स्पार्क सोडते, मशीन अर्ध्या तासाने बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते आणि दोष कार्बोरेटरवर जातो. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट ०.२ ते ०.३ मिमी ठेवा, प्लगची ०.५.

चेन ब्रेकच्या पट्टीत आणि स्प्रिंगमध्ये काटकसर करू नका. ही मशीन हातात घेऊन कुणीतरी झाडाच्या फांदीवर चढणार आहे. ब्रेक ओढल्यावर फुल रेसमध्ये चेन लगेच थांबली पाहिजे. चेन कॅचर (तुटलेली चेन अडवणारा) आणि रेसचं लॉकही जागेवर हवं.

विकण्याआधी आणि परत आली तर

कंपनीचं टू-टी ऑइल असेल आणि त्यावर ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिली. दुसऱ्या कुठल्याही ऑइलला २५:१, म्हणजे ४० मिली. नव्या किटच्या पहिल्या तीन-चार टाक्यांना ५०:१ वालं ऑइलसुद्धा ३३ मिली टाका, पण मग त्याच मिश्रणावर सेटिंग करा, कारण ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं. मोजायला बाटलीचं झाकण नको, जनावरांच्या औषधाची ५० मिलीची सिरिंज घ्या आणि एक गिऱ्हाईकालाही द्या. इथेनॉलमुळे पाणी ओढलं जातं, म्हणून महिन्यापेक्षा जुनं मिश्रण वापरू नका.

पहिली टाकी दुकानात, थांबून-थांबून, खऱ्या लाकडात चालवा. पूर्ण थंड झाल्यावर सिलिंडरचे आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा, सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात पिस्टनची एक्झॉस्टची बाजू बघा. रेघ नसेल, कॉम्प्रेशन १२० ते १५० पीएसआय असेल, तर मशीन देण्यालायक आहे. बिलावर कोणता पार्ट कॉपी आणि कोणता कंपनीचा ते लिहा. कंपनीचं स्टिकर लावलेल्या कॉपी कव्हरखाली मशीन ओरिजिनल म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि ती पहिल्याच सर्व्हिसला उघडी पडते.

मशीन परत आली तर खोलण्याआधी गिऱ्हाईकाला पेट्रोलचा कॅन घेऊन यायला सांगा. त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत ओता आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. ऑइलचा रंगच नसेल तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, पेट्रोल उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला पाहिजे. कॅन बरोबर असेल तर फिल्टर, मग टाकीचा व्हेंट, मग व्हॅक्यूम टेस्ट, या क्रमाने जा. सिलिंडरचे बोल्ट सगळ्यात शेवटी सोडा, कारण एकदा तो उघडला की गळती कुठे होती याचा पुरावा जातो.